लायब्ररी २०० म्हणते, पण नोंद पोचत नाही: रिडायरेक्ट कसे हाताळावेत

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही हे उत्तर कशाचं आहे ते कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांसाठी तुम्ही सॉफ्टवेअर करता. माल ट्रान्सपोर्टला लागला की डिस्पॅचची नोंद मुंबईच्या खरेदीदाराच्या सर्व्हरवर आपोआप जाते. गेले काही दिवस लायब्ररी २०० (म्हणजे 'सगळं ठीक') सांगते, एरर कुठेच नाही, आणि तिकडे मात्र नोंद दिसत नाही. सर्व्हरशी बोलणारी एचटीटीपी लायब्ररी तुमची घरचीच, आत पायथन भाषेची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी. हे का होतं, आणि आपल्या लायब्ररीने रिडायरेक्टचं, म्हणजे सर्व्हरच्या 'दुसऱ्या पत्त्यावर जा' या उत्तराचं, काय करावं, असं तू विचारलंयस.

नोंदी कुठे जातात ते तू पाठवलेल्या लॉगमध्येच आहे. तुझ्या कोडमधला पत्ता 'डिस्पॅच' या शब्दावर संपतो, शेवटी तिरकी रेघ (/) नाही. लॉगमध्ये जो अंतिम पत्ता छापलाय त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे. आणि उत्तराच्या बॉडीत, म्हणजे मजकुरात, काय आहे बघ: चौकोनी कंस उघडला आणि लगेच मिटला. रिकामी यादी. नोंद तयार झाली असती तर बहुतेक २०१ ('नोंद तयार झाली') आलं असतं, बॉडीत नोंदीचा क्रमांक तरी असता. यादी येते ती गेटला, वाचायच्या रिक्वेस्टला. म्हणजे तू पोस्ट (लिहायची रिक्वेस्ट) पाठवलंस आणि समोरच्याने उत्तर दिलं ते गेटला. रिस्पॉन्स ऑब्जेक्टची हिस्ट्री छापून बघ, त्यात एकच टप्पा निघेल: ३०१ ('पत्ता कायमचा बदलला'), आणि लोकेशन हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत नवा पत्ता सांगणाऱ्या ओळीत, तोच पत्ता, शेवटी तिरकी रेघ लावलेला.

समोर जँगो (पायथनमधला वेबसाइट बनवायचा साचा) असेल तर हा प्रकार फार ओळखीचा आहे. जँगोमध्ये तिरकी रेघ नसलेला पत्ता रेघ लावून परत पाठवायची सोय मुळातच चालू असते. डीबग, म्हणजे चुका शोधायची सोय, चालू असेल तर अशा पोस्टवर जँगो स्पष्ट एरर देतं, की बॉडी हरवेल, पत्ता दुरुस्त करा. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, डीबग बंद, म्हणून ही सूचना कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. तसाच दुसरा साचा, फास्टएपीआय, हेच काम ३०७ देऊन करतं, तिथे बॉडी शाबूत राहते. त्यामुळे तुमच्या दोन खरेदीदारांपैकी एकाकडे सगळं सुरळीत आणि दुसऱ्याकडे नोंदी गायब, असं सहज होऊ शकतं.

नेमकं काय घडतं ते आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. ट्रक गाठोडी घेऊन गोदामावर गेला. वॉचमन म्हणाला, गोदाम पलीकडच्या गल्लीत हललंय. ड्रायव्हरने गाठोडी तिथेच उतरवून ठेवली, रिकामा ट्रक नव्या गोदामावर नेला, 'काही माल आलाय का' विचारलं, 'नाही' असं उत्तर घेतलं आणि ऑफिसला फोन केला की जाऊन आलो, भेट झाली.

आता हे असं कोणी ठरवलं? १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या मसुद्यात, म्हणजे आरएफसी १९४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), पोस्टच्या उत्तरात ३०१ किंवा ३०२ (तात्पुरता बदल) आलं तर वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असं लिहिलं होतं. त्याच मसुद्यात टीपही होती की काही ब्राउझर चुकीने पोस्टचं गेट करतात. पुढे तेच रूढ झालं, कारण वेबसाइट लिहिणाऱ्यांना तेच हवं होतं: फॉर्म भरला की 'धन्यवाद' पानावर न्यायचं. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ ने ३०३ दिलं, त्याचा अर्थ सरळ आहे, 'काम झालं, निकाल अमुक पत्त्यावर गेटने बघा.' १९९९ मध्ये आरएफसी २६१६ ने ३०७ दिलं: 'तात्पुरतं तिकडे जा, मेथड (गेट, पोस्ट वगैरे) आणि बॉडी जशीच्या तशी ने.' ३०१ ला तसा कडक भाऊ मिळायला मात्र २०१४ उजाडलं. ३०८ आधी प्रायोगिक म्हणून आलं आणि एप्रिल २०१५ मध्ये आरएफसी ७५३८ म्हणून पक्कं झालं. आज चालू असलेला आरएफसी ९११०, जून २०२२ चा, सरळ सांगतो की ३०१ आणि ३०२ वर पोस्टचं गेट करायला ऐतिहासिक कारणांमुळे मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. म्हणून तुमच्या लायब्ररीने ठरवायचं, आणि ठरवलेलं लिहून ठेवायचं.

त्यातही सगळ्या लायब्रऱ्या एकसारख्या वागत नाहीत. रिक्वेस्ट्स ३०१ वर फक्त पोस्टचं गेट करते, पण ३०२ वर हेड (फक्त हेडर मागणारी मेथड) सोडून सगळ्याच मेथडचं गेट करते. म्हणजे पुट (नोंद बदलायची मेथड) पाठवलं आणि ३०२ आलं तर पुटचंही गेट होतं. ब्राउझरचा फेच नियम (ब्राउझरने रिक्वेस्ट कशा कराव्यात याचं मानक) ३०१ आणि ३०२ वर फक्त पोस्ट बदलतो, पुटला हात लावत नाही. कर्ल हे कमांड लाइनचं साधन तर सांगितल्याशिवाय रिडायरेक्टच्या मागे जातच नाही. पायथनची एचटीटीपीएक्स लायब्ररीही तशीच, मुद्दाम चालू करावं लागतं. 'ब्राउझरमध्ये चालतं, आपल्या कोडमध्ये का नाही' या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच वेळा इथे असतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. वाचायच्या रिक्वेस्ट, म्हणजे गेट आणि हेड, लायब्ररीने आपोआप पुढे न्याव्यात. लिहायच्या रिक्वेस्ट, म्हणजे पोस्ट, पुट, पॅच, डिलीट, आपोआप पुढे नेऊ नयेत. त्यांवर ३०१ किंवा ३०२ आलं तर लायब्ररीने एक्सेप्शन (काम थांबवणारी एरर) फेकावं, त्यात मूळ पत्ता, आलेला कोड आणि लोकेशन तिन्ही असावं. ३०३ आलं तर काम झालंय, गेटने निकाल आणायला हरकत नाही. ३०७ आणि ३०८ वर मेथड आणि बॉडी तीच ठेवून जावं, पण तेही त्याच सर्व्हरवर असेल तर. दुसऱ्याच होस्टवर पाठवत असेल तर पुन्हा एक्सेप्शन. कारखान्याचा डिस्पॅच, त्यात गिऱ्हाइकाचं नाव, दर, जीएसटी क्रमांक, हे सगळं अनोळखी सर्व्हरकडे जायचं असेल तर ते एखाद्या माणसाने बघून ठरवलेलं असावं. अशा एक्सेप्शनने सुरुवातीला कटकट होईल, दोन-तीन ठिकाणी पत्ते दुरुस्त करावे लागतील. होऊ दे. पत्ता एकदाच दुरुस्त होतो. चुपचाप हरवलेली नोंद महिनाअखेरीस हिशेब जुळवताना सापडते, तेव्हा ट्रान्सपोर्टची पावती शोधत बसावं लागतं.

३०७-३०८ पाळताना एक अडचण हमखास येते. बॉडी एकदा पाठवून झालेली असते. स्ट्रिंग असेल तर पुन्हा पाठवता येते. फाइल असेल तर सुरुवातीपासून वाचायला मागे न्यावी लागते, आणि 'सुरुवात' म्हणजे फाइलची सुरुवात नव्हे, पहिल्या वेळी जिथून वाचायला घेतलं ती जागा. म्हणून पाठवायच्या आधीच ती जागा टिपून ठेव. जनरेटर (बॉडी तुकड्या-तुकड्याने तयार करणारा कोड) असेल तर पुन्हा वाचताच येत नाही, तिथे लायब्ररीने स्पष्ट नकार द्यावा. अर्धी किंवा रिकामी बॉडी पाठवण्यापेक्षा नकार केव्हाही बरा. आणि गेटमध्ये रूपांतर केलंस तर बॉडीसोबत कंटेंट-लेंग्थ, कंटेंट-टाइप, ट्रान्सफर-एन्कोडिंग हे हेडरही काढून टाक. लेंग्थ राहिली आणि बॉडी नाही, तर समोरचा सर्व्हर न येणाऱ्या बाइट्सची वाट बघत बसतो आणि तुला टाइमआउट दिसतो.

३०८ आलं आणि लोकेशन नाही, असंही होतं. गूगलच्या काही अपलोड सेवांमध्ये ३०८ चा अर्थ 'अपलोड अर्धवट आहे, पुढचा तुकडा पाठव' असा आहे. लोकेशन नसेल तर तो रिडायरेक्ट धरू नकोस, रिस्पॉन्स आहे तसा वरच्या कोडकडे दे. ३०४ ('काही बदललं नाही') हाही रिडायरेक्ट नाही, आणि २०१ सोबत लोकेशन आलं तर तो नव्या नोंदीचा पत्ता असतो, तिकडे धावायचं नसतं.

आता टोकनकडे, म्हणजे ओळख पटवणाऱ्या गुपित चावीकडे, येतो. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली चूक कुठल्याच लॉगमध्ये दिसत नाही.

रिडायरेक्ट म्हणजे समोरच्याच्या सांगण्यावरून केलेली नवी रिक्वेस्ट. पत्ता तू निवडलेला नाहीस, त्याने निवडलाय. तेव्हा जुन्या रिक्वेस्टमधली कुठली गोष्ट सोबत न्यायची हे नव्याने ठरवायला हवं. टोकन ज्यात जातं तो ऑथरायझेशन हेडर पुढे नेण्याची चूक मोठ्या मोठ्या लायब्रऱ्यांकडून झाली आहे. २०१८ च्या जानेवारीत कर्लला दुरुस्ती करावी लागली, कारण आपण स्वतः लावलेला ऑथरायझेशन हेडर दुसऱ्या होस्टवरही जात होता. त्याच वर्षी रिक्वेस्ट्समध्ये सापडलं की होस्ट तोच असून एचटीटीपीएसवरून साध्या एचटीटीपीवर नेलं, तर टोकन उघड्यावर जातं. २.२० मध्ये ते बंद झालं. २०२२ मध्ये पीएचपी भाषेच्या गझल लायब्ररीत कुकी आणि ऑथरायझेशनच्या बाबतीत तसंच निघालं. जानेवारी २०२५ मध्ये गो भाषेच्या मूळ लायब्ररीत जे दुरुस्त झालं ते तर मुद्दाम अभ्यासण्यासारखं आहे: पहिल्या होस्टवरून दुसऱ्यावर जाताना हेडर नीट काढला जायचा, पण दुसऱ्या होस्टने स्वतःच्याच आणखी एका पत्त्यावर पाठवलं की तो हेडर परत लागायचा. त्या टप्प्यावर होस्ट बदललेला नाही ना, म्हणून.

यातून तुझ्या लायब्ररीसाठी नियम निघतो तो असा. स्कीम (एचटीटीपी की एचटीटीपीएस), होस्ट आणि पोर्ट, तिन्ही मूळ रिक्वेस्टशी जुळले तरच टोकन पुढे जाईल. एचटीटीपीवरून त्याच होस्टच्या एचटीटीपीएसवर, दोन्ही ठरलेल्या पोर्टवर, एवढी एक सूट ठीक आहे. आणि साखळीत एकदा टोकन काढलं की त्या साखळीत ते परत लागणार नाही, पुढचा टप्पा कुठेही जावो. सबडोमेन 'आपलंच' धरायची सवय काही लायब्रऱ्यांना आहे, मला ती पटत नाही. मोठ्या खरेदीदाराच्या एका सबडोमेनवर बिलिंग असतं, दुसऱ्यावर कुठल्या तरी बाहेरच्या एजन्सीने चालवलेलं पान असतं.

तुमच्याकडे खरा धोका वेगळ्याच हेडरमध्ये आहे. तू पाठवलेल्या कोडमध्ये चावी ऑथरायझेशनमध्ये जात नाही, एक्स-एपीआय-की नावाच्या हेडरमध्ये जाते, आणि तो हेडर सेशनवरच लावलेला आहे, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टसोबत जातो. लायब्ररीला तो गुपित आहे हे कळायचा मार्गच नाही. रिक्वेस्ट्स होस्ट बदलल्यावर ऑथरायझेशन काढते, पण स्वतःच्या नावाचे हेडर जसेच्या तसे पुढे नेते. म्हणून तुमच्या थरात गुपित हेडरांची यादी ठेवा आणि होस्ट बदलला की ती सगळी काढा. त्याहून चांगलं म्हणजे उलट बाजूने जा: होस्ट बदलला की फक्त अ‍ॅक्सेप्ट, युजर-एजंट यांसारखे ठरवलेले मोजके हेडर न्यायचे, बाकी सगळे गळाले पाहिजेत. उद्या कुणी नवीन मुलगा आणखी एखादा हेडर घालेल, तो यादीत लिहायला विसरला तरी नुकसान होणार नाही.

टोकन काढणं फक्त सुरक्षेसाठी नाही, बऱ्याच वेळा त्याशिवाय काम होतच नाही. इन्व्हॉइसची पीडीएफ मागितली की खरेदीदाराचा सर्व्हर ३०२ देऊन अ‍ॅमेझॉन एस३ या फाइल साठवायच्या सेवेवरच्या सही केलेल्या पत्त्यावर पाठवतो, ही आजची नेहमीची पद्धत. त्या पत्त्यात परवानगी आधीच भरलेली असते. सोबत तुझा ऑथरायझेशन हेडर गेला तर एस३ ४०० देऊन म्हणतं, ओळख पटवायचा एकच मार्ग वापरा. असा ४०० दिसला तर पीडीएफमध्ये दोष शोधू नकोस.

लोकेशन वाचण्याबद्दल. जुन्या आरएफसी २६१६ प्रमाणे तिथे पूर्ण पत्ता हवा होता, पण सर्व्हर अर्धे पत्ते पाठवतच होते. २०१४ पासून तेही रीतसर मान्य आहेत. अर्धा पत्ता ज्या टप्प्यावर मिळाला त्याच टप्प्याच्या पत्त्याशी जोडायचा, पहिल्या पत्त्याशी नाही. स्ट्रिंग चिकटवून हे करू नकोस, भाषेतलं यूआरएल जोडणारं फंक्शन वापर. दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता अर्धा वाटतो, पण तो दुसऱ्या होस्टचा असतो, आणि हाताने लिहिलेला कोड तिथे हमखास फसतो. जोडल्यानंतर स्कीम तपास: एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस सोडून काहीही असेल तर नकार. २००९ मध्ये कर्लला हे शिकावं लागलं, तेव्हा रिडायरेक्टने मशीनवरची स्थानिक फाइलही वाचता यायची.

आपल्याला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती इंग्रजी पत्ते वापरणाऱ्यांना सहसा दिसत नाही. पत्त्यात मराठी शब्द असेल तर तो टक्क्याच्या खुणांनी (%E0 अशा) लिहिलेला यायला हवा, पण बरेच सर्व्हर लोकेशनमध्ये युनिकोडचे कच्चे बाइट पाठवतात. 'सोलापूर' हा शब्द घे. मात्रा धरून सात चिन्हं, यूटीएफ-८ या युनिकोड लिहायच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, एकूण २१. पायथन हेडर वाचतं ते लॅटिन-१ (एका बाइटला एक अक्षर) समजून, म्हणजे त्या २१ बाइटांची २१ वेगळीच अक्षरं होतात. तीच तशीच यूटीएफ-८ करून पाठवलीस तर ४२ बाइट जातात आणि समोरून ४०४ येतो. रिक्वेस्ट्स हे आतल्या आत उलटं फिरवून दुरुस्त करते. पण तुम्ही आपोआप जाणं बंद करून लोकेशन स्वतः वाचायला लागाल, तेव्हा ही दुरुस्तीही तुमच्याच अंगावर येईल. लॅटिन-१ मध्ये परत बाइट कर, ते यूटीएफ-८ म्हणून वाच, मग जे नुसतं अक्षर आहे तेवढ्यालाच टक्क्याची खूण लाव. आधीच टक्का असलेल्या भागाला पुन्हा लावलंस तर प्रत्येक टक्क्याचं '%२५' होतं, आणि पत्ता प्रत्येक टप्प्याला लांबत जातो.

किती टप्पे? सुरुवातीच्या मसुद्यांत पाचाची मर्यादा होती, नंतर ती काढली. रिक्वेस्ट्स ३० पर्यंत जाते, गो १०, जावाची ओकेएचटीटीपी लायब्ररी आणि ब्राउझरचा फेच नियम २०. सर्व्हर-सर्व्हर बोलण्यात मी पाचावर थांबतो. एपीआयला त्याहून जास्त टप्पे लागत असतील तर पत्ताच चुकलाय. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एररमध्ये सगळी साखळी छापा. 'खूप रिडायरेक्ट झाले' एवढ्यावरून काहीच कळत नाही. साखळी बघितली की लगेच कळतं: तोच पत्ता एचटीटीपी-एचटीटीपीएस असा नाचत असेल तर समोरच्याच्या प्रॉक्सीमागच्या (मधल्या सर्व्हरमागच्या) अ‍ॅपला आपण एचटीटीपीएसवर आहोत हेच माहीत नाही. लॉगिनचा पत्ता फिरून फिरून येत असेल तर तुझ्याकडे कुकी जपली जात नाही. कुकी बऱ्याचदा ३०२ च्या उत्तरातच येते, ती पुढचा टप्पा निघायच्या आधी साठवायला हवी. म्हणूनच 'तोच पत्ता दुसऱ्यांदा आला की लूप' असा नियम करू नकोस. कुकी घेऊन त्याच पत्त्यावर परत येणं हा लॉगिनचा नेहमीचा मार्ग आहे.

टाइमआउट रिक्वेस्ट्समध्ये प्रत्येक टप्प्याला नव्याने लागतो, गोमध्ये सगळ्या साखळीला मिळून एकच. तुमच्या थरात एकूण मुदत वेगळी ठेवा. मधल्या रिस्पॉन्सची बॉडी वाचून संपवा, नाही तर कनेक्शन पुन्हा वापरता येत नाही. खरेदीदाराने दिलेल्या पत्त्यावर तुम्ही स्वतःहून रिक्वेस्ट करत असाल तर आतल्या नेटवर्कचे आणि १६९.२५४.१६९.२५४ सारखे (क्लाउड सर्व्हरची आतली माहिती देणारे) पत्ते प्रत्येक टप्प्यावर तपासून अडवा, फक्त पहिल्या टप्प्यावर तपासून भागत नाही.

कारखान्याच्या ऑफिसमधल्या वाय-फायबद्दलही सांगून ठेवतो. काही ठिकाणी रोज सकाळी लॉगिन पान येतं, आणि तोवर साध्या एचटीटीपीवरची प्रत्येक रिक्वेस्ट त्या पानाकडे वळते. उत्तर २०० असतं, आत एचटीएमएल. तेव्हा २०० वर विसंबू नका. अंतिम पत्ता अपेक्षित होस्टचा आहे का आणि कंटेंट-टाइप जेसन (डेटा पाठवायचा नेहमीचा साचा) आहे का, हे दोन्ही तपासून मगच नोंद 'पोचली' अशी खूण करा.

चाचण्यांसाठी बाहेरचा सर्व्हर नको. पायथनच्या आतल्याच एचटीटीपी सर्व्हरने दोन वेगळ्या पोर्टवर दोन छोटे सर्व्हर उभे कर. एक रिडायरेक्ट देतो, दुसरा आलेली मेथड, हेडर आणि बॉडीची लांबी जशीच्या तशी परत सांगतो. पोर्ट वेगळा म्हणजे ओरिजिन (स्कीम, होस्ट, पोर्ट मिळून होणारी ओळख) वेगळा, त्यामुळे टोकन गळतं की नाही ते तिथेच दिसेल. पाचही कोड आणि चारही लिहायच्या मेथड यांच्या सगळ्या जोड्या चालव. पहिला सर्व्हर, मग दुसरा, मग पुन्हा दुसराच, अशी तीन टप्प्यांची साखळी विसरू नकोस, गोची चूक तिथेच होती.

आणि आज करायचं काम. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ लाव. हिस्ट्रीत ३०१ असलेले सगळे डिस्पॅच लॉगमधून काढ. रेघेसाठीचा रिडायरेक्ट सहसा नोंद लिहिणाऱ्या कोडपर्यंत पोचायच्या आधीच दिला जातो, म्हणून ते पुन्हा पाठवायला हरकत नाही. पण मधल्या काळात कारखान्यातल्या कुणी फोन करून काही नोंदी तिकडे हाताने घालून घेतल्या असतील. आधी डिस्पॅच क्रमांकाने खरेदीदाराकडची यादी माग, आपल्या यादीशी लाव, आणि जे खरोखर नाहीत तेवढेच पाठव.